तिला काही आजार नाही

सायखेडा,
१८ जानेवारी २०२५

चि. दीपक,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर एकच टिक येते, म्हणून वापीच्या तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर हे पाठवते आहे.

तेजूला पोलिसांनी पकडलंय. आधी हेच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू वाचशील.

बुधवारी, करीच्या दिवशी, मी बचत गटाच्या मीटिंगला गेले होते. परत आले तर दाराला बाहेरून कडी आणि तेजू नाही. मला वाटलं दळणाला गेली असेल. ती तोवर एसटीनं नाशकात पोचली होती. पंचवटीत एका बालवाडीबाहेर पोरं सुटत होती, त्यातल्या एकाचा हात धरून ती चालायला लागली. पाचेक वर्षांचा मुलगा, तुमच्या रुद्रएवढा. त्याला तिळगूळ दिला, "रुद्र, आजी वाट बघतेय," म्हणाली. पोरगंही गोड बोलण्याला भुलून गेलं तिच्याबरोबर. बस स्टँडपर्यंत पोचले आणि तिथं त्याला आईची आठवण होऊन ते रडायला लागलं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या गप्पा सध्या सगळीकडे चालूच आहेत. लोक गोळा झाले. तिला फार मारलं रे. एका रिक्षावाल्यानं मध्ये पडून पोलिसांना फोन केला म्हणून वाचली.

मुलाला ओरखडाही नाही. हे मी तुला शपथेवर सांगते.

पोलिसांचा फोन आला तशी रोपवाटिकेवाल्या नाथाभाऊला घेऊन मी चौकीत गेले. फौजदार एक बाई होत्या, तुझ्याच वयाच्या असतील. तेजू कोपऱ्यात बाकावर बसून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. त्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "काकू, हिला काही मानसिक त्रास आहे का? कुठं उपचार चालू आहेत का? असतील तर मला आत्ता सांगा. मग मी हिला आधी डॉक्टरांकडे नेते."

मी म्हटलं, "नाही साहेब. तिला काही आजार नाही. मुलापासून दूर आहे, म्हणून जरा हळवी झालीय."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ठामपणे सांगितलं.

तुलाही कुणी विचारलं तर तू हेच सांग. कोर्टाच्या कागदावर एकदा ती वेडी ठरली की रुद्र तिला जन्मात मिळायचा नाही. गोळ्या तर चालूच होत्या, मी स्वतः हातावर देत होते. मग हे कसं झालं ते मला कळत नाही.

सोमवारी तारीख आहे. जमलं तर ये.

तुझी आई


सायखेडा,
४ फेब्रुवारी

चि. दीपक,

जामीन मिळाला नाही. मुलाला पळवल्याचा गुन्हा आहे म्हणून कोर्टानं नाकारला, आणि माहेरचंही कुणी उभं राहिलं नाही. तिचा भाऊ नामपूरहून आलाच नाही. फोनवर म्हणाला, "लगीन करी दिन्हं, आते तुमनी शे ती." लग्न करून दिलं की ती आमची, त्याला काय बोलणार?

काल तिला जेलमध्ये भेटून आले. मध्ये जाळी होती. तिथल्या बायका काही वाईट नाहीत, एकजण तिचे केस विंचरून देते म्हणे. पण तेजू जेवत नाही. ताटाला हात लावण्याआधी नळाला विचारते, खाऊ का म्हणून. आपल्या मोरीच्या नळाशी बोलायची तसंच. मला बघून पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? "आई, रुद्रला स्वेटर घातलं का? मला त्याचा हात गार लागला."

मी म्हटलं, "घातलं."

मग मधूनच ती अगदी नीट बोलली. असं होतं तिचं, ढग बाजूला झाल्यासारखं. मी विचारलं, "गोळ्या घेत होतीस ना गं?" तर मान खाली घालून म्हणाली, "तोंडात धरून ठेवायचे आणि मागच्या अंगणात जाऊन थुंकायचे. हे गणपतीत फोनवर म्हणाले होते ना, गोळ्या बंद होऊन तू नीट झालीस की मी रुद्रला घेऊन येतो. मग मी बंद केल्या."

मी हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. तू धीर द्यायला बोलला असशील. तिनं त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं.

सरकारकडून फुकट वकील मिळाली आहे, मनाली तिचं नाव. लहानखुरी आहे, पण कुणाला बधत नाही. काल भेटीनंतर तिनं मला जेलबाहेरच्या टपरीवर चहा पाजला आणि म्हणाली, "मावशी, मी तेजस्विनीशी बोलून आले. मला डॉक्टर असायची गरज नाही. तुम्ही पोलिसांना 'नाही' असं का सांगितलंत?"

मी म्हटलं, "रुद्रसाठी."

ती म्हणाली, "आजारी माणसाला पोलिसांनी कोठडीत न ठेवता दवाखान्यात न्यायचं, असा कायदाच आहे. त्या फौजदार बाईंनी तुम्हाला उगाच विचारलं नव्हतं. तुम्ही हो म्हणाला असता तर ती त्याच दिवशी सिव्हिलमध्ये असती. अजूनही वेळ गेलेली नाही. आधीचे उपचार, ते कधी सुरू झाले, काय काय होतं, हे घरच्या माणसानं कोर्टात सांगितलं की मी तिची तपासणी मागते. आधी दवाखाना, मग घरी राहून उपचार. खटला चालू राहील, पण तिला आत ठेवून नाही."

मी विचारलं, "आणि तिच्या मुलाचं?"

मनालीनं कप खाली ठेवला. "ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. कोर्टात बोललेलं कोर्टातच राहतं असं नाही. उद्या मुलाच्या ताब्याचा प्रश्न आला तर समोरचा वकील ते वापरेल."

समोरचा म्हणजे तू, दीपक.

म्हणून विचारते. मी खरं सांगितलं तर ते तू तिच्यावर उलटवणार नाहीस ना? दोन वर्षांपूर्वी तू रुद्रला घेऊन गेलास तेव्हा मी तुला अडवलं नाही. तिनं पोराला खोलीत कोंडलं होतं, तो आत रडून रडून निळा पडला होता, मीही तिथंच होते. तुझं भय खोटं नव्हतं. पण आता एवढं एक वचन दे. सतरा तारखेला कोर्ट आहे, तोवर तुझ्या फोनची वाट बघते.

तुझी आई


सायखेडा,
१९ फेब्रुवारी

चि. दीपक,

फोन आला नाही.

सोळा तारखेला संध्याकाळी नाथाभाऊ येऊन बसला. म्हणाला, "वहिनी, त्याच्या फोनची किती वाट बघशाल? तिकडं ती पोरगी वाळून चाललीय. पोराचं मागून बघू. आधी पोराची आई तर राहू द्या." नाथाभाऊ बोलतो कमी, तुला माहीत आहे.

मी सांगितलं. न्यायाधीशांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. रुद्र वर्षाचा असताना तिला नळातून आवाज यायला लागले, कुणीतरी पोराला नेणार म्हणून ती दारं लावून घ्यायची, नाशिकच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव काय सांगितलं, गोळ्या कधी सुरू झाल्या, कधी सुटल्या. खोलीत कोंडल्याचंही सांगितलं. अर्धं सांगून चालत नाही असं मनालीनं बजावलं होतं.

न्यायाधीशांनी विचारलं, "पोलिसांना तुम्ही हे का सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "घाबरले."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मला वाटत होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेजू त्या वेळी मागं पोलीसबाईजवळ बसली होती. तिला किती समजलं कोण जाणे. पण मी कोंडल्याचं बोलले तेव्हा तिनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

बाहेर व्हरांड्यात त्या मुलाची आई उभी होती. दिशा तिचं नाव, तेजूच्याच वयाची. मी हात जोडून पुढं गेले. ती म्हणाली, "हात नका जोडू. माझा मुलगा अजून झोपेत दचकून उठतो. शाळेत जायला तयार नाही. मी एका बाईशी बोलत होते, एवढंच. वळून बघते तर तो नाही. तुम्हाला माहीत आहे का ते कसं असतं?"

मी म्हटलं, "नाही."

"ती आजारी होती हे तुम्हाला माहीत होतं. मग एकटी सोडलीत कशी?"

बचत गटाची मीटिंग होती, एवढंच मी सांगू शकले. मग ती म्हणाली, "स्टँडवर लोक तिला मारत होते तेव्हा माझा मुलगा ओरडत होता, तिला मारू नका म्हणून. हे मी आतमध्ये सांगितलंय. तिला आत ठेवून मला काही मिळणार नाही. पण ती परत आमच्या भागात दिसता कामा नये. मी माफ केलेलं नाही, हे नीट लक्षात घ्या."

"घेतलं, ताई," मी म्हटलं.

कोर्टानं तपासणीचा हुकूम दिला. आज तिला दवाखान्यात हलवलं. गाडीत बसताना तिच्या हातावर मारल्याच्या खुणा दिसल्या. आता काळसर पडल्यात, पण गेलेल्या नाहीत. मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं तर कुणीतरी वेळेवर औषध लावलं असतं.

तुझी आई


सायखेडा,
२७ एप्रिल

चि. दीपक,

तेजू घरी आली त्याला आता काही आठवडे झाले. मी जामीन राहिले आहे आणि तिच्या उपचारांची जबाबदारी माझी, असं कोर्टात लिहून दिलंय. तारखा पडत राहतात. ती घरून जाते आणि घरी येते.

औषध आता इंजेक्शनचं आहे, महिन्याला एकदा. थुंकायचा प्रश्न नाही, असं ती स्वतःच हसत म्हणाली. दवाखान्याकडून अश्विन नावाचा मुलगा येतो, अशा पेशंटांची घरी जाऊन चौकशी करणं हेच त्याचं काम. पहिल्याच दिवशी त्यानं शेजारच्या चार घरांत जाऊन चहा घेतला आणि सगळ्यांना समजावलं, की हिची झोप कमी झाली, नळाशी बोलायला लागली, तर शिव्या नका घालू, मला फोन करा. अक्काबाई म्हणाली, "आन् आमच्या पोरांला काही केलं तर?" अश्विन चिडला नाही. म्हणाला, "तुमचं भय मला कळतं. म्हणून तर नंबर देतोय."

नाथाभाऊनं तिला त्याच्या रोपवाटिकेत कामाला घेतलं आहे. टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये लावते. हात थरथरतो औषधानं, पण रोप मोडत नाही.

एक तुला सांगायचं आहे. ती रस्त्यानं निघाली की बायका पोरांना आत बोलावतात. तिला ते कळतं. म्हणून शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला ती घराबाहेर पडत नाही. कुणी सांगितलेलं नाही, तिनंच ठरवलं. मी पंचवीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली. त्या घंटेला माझ्या घरात कुणी दार लावून बसेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आणि गेल्या आठवड्यात तुझी नोटीस आली.

घटस्फोट मागितलास, ते मी समजू शकते. रुद्रचा कायमचा ताबा मागितलास, तेही. पण खाली कारणं दिली आहेत त्यात माझं नाव आहे. "अर्जदाराच्या आईनेच न्यायालयात शपथेवर सांगितले आहे की..." आणि पुढं खोलीत कोंडल्याचं माझंच वाक्य, शब्दाला शब्द.

मी ते वाचून नोटीस कपाटात ठेवणार होते. तेजूनं मागितली. ओसरीवर बसून सावकाश वाचली. मी म्हटलं, "तेजू, माझ्यामुळं झालं गं हे."

ती म्हणाली, "आई, तुम्ही बोललात ते खोटं होतं का?"

"नाही."

"मग?" नोटीस घडी करून तिनं मला परत दिली. "मी लढणार नाही. तो तिथं शाळेत रुळला असेल. मला एकदा भेटू द्या म्हणावं. चार माणसं बसली असतील तिथं. मी त्याला कुठं नेणार नाही."

तिला वाटतं की हे सांगावं लागतं. आपल्याच पोराला मी कुठं नेणार नाही, हे.

मनाली म्हणते, "लढायला हवं. आजार आहे म्हणून आईपण जात नाही, आणि ती आता उपचार घेते आहे." तेजू ऐकत नाही. शेवटी मनालीनं फक्त भेटीचा अर्ज टाकला आहे. त्याला तरी विरोध करू नकोस.

तुझी आई


सायखेडा,
९ नोव्हेंबर

चि. दीपक,

काल कोर्टात तू मला पाहिलंस आणि मान वळवलीस. ठीक आहे. तू बाहेर बाकावर बसलास, आत आला नाहीस, म्हणून आत काय झालं ते तुला माहीत नाही. रुद्रनं सांगितलं असेल तर त्याच्या परीनं. मी माझ्या परीनं लिहिते.

मुलांसाठीची ती खोली बरी आहे. भिंतीवर हत्ती काढलाय, खेळणी आहेत, दाराशी एक समुपदेशक बाई बसतात. मला कोपऱ्यात बसायची परवानगी दिली. तेजूनं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. साडी तीनदा बदलली आणि शेवटी साधा पंजाबी ड्रेस घालून आली.

रुद्र आत आला. केवढा झालाय रे. चाल तुझी आहे. दारातच थबकला आणि समुपदेशक बाईंकडे बघायला लागला. त्या म्हणाल्या, "ये बेटा, बस." तो गाड्यांपाशी जाऊन बसला.

मग त्यानं तेजूकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण?"

मला वाटलं ती आता कोसळते. मी उठायला लागले. पण ती नीट बसून होती. म्हणाली, "मी तेजस्विनी. सायखेड्याला राहते. तुझ्या आजीबरोबर."

आई आहे असं म्हणाली नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

तो म्हणाला, "आजी ती?" आणि माझ्याकडे बोट केलं.

"हो."

"पप्पांची आई?"

"हो, पप्पांची."

मग गाड्यांचं चाललं. एका ट्रकचं चाक निघालं होतं. ते बसवताना तिचा हात थरथरत होता, तर तो म्हणाला, "तुम्हाला थंडी वाजतेय?" ती म्हणाली, "औषधानं होतं. मी आजारी होते ना, म्हणून औषध घेते." तो म्हणाला, "मला पण सर्दीचं औषध असतं. कडू असतं." आणि चाक त्यानंच बसवून दिलं.

तिनं त्याला एकदाही हात लावला नाही. वेळ संपली तेव्हा समुपदेशक बाई म्हणाल्या, "जवळ घ्यायचं असेल तर घ्या." तेजूनं रुद्रला विचारलं, "चालेल का तुला?" तो जरा विचार करून म्हणाला, "आज नको." ती म्हणाली, "बरं." आणि तो धावत बाहेर तुझ्याकडे आला. ते तू पाहिलंच असशील.

मी तिला बाहेर आणलं. बाईंनी पुढच्या महिन्याची तारीख दिली, ती मी घेतली. तेजू रडली नाही, मीच रडले, जिन्यात उभी राहून. माझ्या मनात सारखं एकच चाललं होतं. जानेवारीत मी चौकीत खरं बोलले असते, तर ती दवाखान्यातून सरळ घरी आली असती. कोर्टात उभं राहून सगळं बोलायची वेळ आली नसती, नोटिशीत माझं वाक्य गेलं नसतं. कदाचित तूच रुद्रला घेऊन घरी आला असतास. आणि कदाचित यातलं काहीच झालं नसतं, तू नोटीस पाठवलीच असतीस. मला ते कधी कळणार नाही. जन्मभर मी ते दोन्हीकडून मांडत बसणार.

परत येताना बसमध्ये ओढा गावाच्या पुढं आल्यावर तेजू अचानक म्हणाली, "आई, हे फार बारीक झालेत."

मी म्हटलं, "कोण, रुद्र? चांगला भरलाय की."

"रुद्र नाही. हे. शर्ट गळ्यापाशी केवढा ढिला झालाय. आणि डब्याची पिशवी होती बघा शेजारी. रुद्रचा डबा स्वतःच करत असतील सकाळी उठून, मग कंपनी. घरी दुसरं कुणी नाही त्यांना." तिनं खिडकीची काच ओढून घेतली. "माझं दुखणं सुरू झालं तेव्हा रात्र रात्र जागे असायचे. मी पोराला घेऊन कुठं जाईन म्हणून दाराशी झोपायचे. सगळे मला विचारायचे, कशी आहेस. त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही."

मी तुझ्याकडे पाहिलं होतं, पण माझ्या डोळ्यांत फक्त तुझी वळवलेली मान राहिली. शर्ट मला दिसला नाही.

घरी आल्यावर आधी तुला लिहिलेली पत्रं आठवून बघितली. प्रत्येकात काहीतरी मागितलंय. ये, बोल, वचन दे, विरोध करू नकोस. एकातही हे विचारलेलं नाही, आणि ते मला माझ्या सुनेनं दाखवून द्यावं लागलं.

दीपक, तू कसा आहेस?

तुझी आई